उंची नेमकी कशासाठी? जुन्या जिप्सीचं सस्पेन्शन कमी खर्चात उचलण्याविषयी



आजचा विषय पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. ज्या मालेत आपण कार्यकारणभावावर बोललो, प्रमाणांवर बोललो, तिथे आज गाडीचे पाटे आणि शॉकअप कुठून आले? तर ते आपल्यातूनच आले. व्याख्यान संपलं की तरुण श्रोते चहाच्या वेळी आम्हांला गाठतात. आम्ही बरीच वर्षं जिप्सी चालवतो हे त्यांना ठाऊक आहे. मग प्रश्न येतो, "सर, जुनी जिप्सी घेतलीय. लिफ्ट करायचीय. बजेट कमी आहे. कुठला किट घेऊ?"

चार छोटी वाक्यं. पण या प्रश्नात उत्तर आधीच ठरवून टाकलेलं आहे. लिफ्ट करायचीच, फक्त किट कुठला एवढंच उरलं आहे. ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलंय की विचारविनिमय साध्याचा होत नाही, साधनांचा होतो. वैद्य 'रोग्याला बरं करू का?' असा विचार करत बसत नाही, 'कसं करू?' याचा करतो. आमच्या तरुण मित्रांची गफलत इथेच होते. लिफ्ट हे साधन आहे आणि ते त्याला साध्य समजून बसले आहेत. साध्य काय? तर जिथे गाडी आज अडते तिथून ती पार व्हावी, आणि संध्याकाळी सगळे धडधाकट घरी यावेत. यातला दुसरा भाग कुठल्याच किटच्या खोक्यावर छापलेला नसतो, म्हणून त्याचं बोलणं आम्हांला जास्त करावं लागणार आहे.

लिफ्टने काय उचललं जातं?

आधी गाडीखाली वाकून पाहू. जिप्सी १९८५ साली आपल्याकडे आली. तिची रचना अगदी साधी आहे. खाली शिडीसारखी चासी, पुढे एक अखंड धुरा, म्हणजे ॲक्सल, मागे दुसरा अखंड धुरा, आणि चारही कोपऱ्यांत पाटे. बैलगाडीचा धुरा ज्याने पाहिलाय त्याला हे समजायला वेळ लागत नाही. धुऱ्याच्या मध्याजवळ डिफरन्शियलचा फुगीर भाग असतो. गाडीचा जमिनीला सगळ्यांत जवळचा भाग साधारणपणे तोच.

आता सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे काय? धुरा आणि चासी यांच्यातलं अंतर वाढवणं. चासी वर जाते, बॉडी वर जाते, बंपर वर जातो. पण धुरा कुठे जातो? कुठेच नाही. धुरा चाकाच्या मध्याला बांधलेला आहे. चाक जेवढं, तेवढी धुऱ्याची उंची. तुम्ही दोन इंच लिफ्ट करा नाहीतर पाच इंच करा, डिफरन्शियल जमिनीपासून होतं तिथेच राहतं. लिफ्टविषयी एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

धुरा उचलतो तो फक्त टायर. त्याचंही गणित करून पाहू. जिप्सी किंगला २०५/७० आर १५ मापाचा टायर येत असे. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २१५/७५ आर १५ लावला तर व्यास होतो सुमारे ७०४. फरक ३६ मिलिमीटरचा, पण धुरा निम्माच उचलला जातो, म्हणजे १८ मिलिमीटर. पाऊण इंचही नाही. तुम्ही हसाल, पण दगडाला घासून जाणं आणि दगडावर बसणं यांतलं अंतर पुष्कळदा तेवढंच असतं.

मग लिफ्टचा उपयोग काहीच नाही का? आहे. दोन उपयोग आहेत. एक, मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. दोन, गाडीचे कोन सुधारतात. कोन तीन असतात. समोरच्या चढाला पुढचा बंपर न लागता चाक टेकवता येईल तो ॲप्रोच, मागून उतरताना मागचा बंपर न लागेल तो डिपार्चर, आणि उंचवट्यावरून जाताना दोन चाकांच्या मधलं पोट न टेकेल तो ब्रेकओव्हर.

कोन आणि जमिनीपासूनची उंची या वेगळ्या गोष्टी आहेत, हे जिम्नीच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. परदेशात विकली जाणारी तीन दारांची जिम्नी आणि २०२३ साली आपल्याकडे आलेली पाच दारांची जिम्नी, दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. पण पहिलीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,२५० मिलिमीटर, दुसरीचं २,५९०. परिणाम असा की ब्रेकओव्हर कोन पहिलीचा २८ अंश, दुसरीचा २४. उंची तीच, तरी एकीचं पोट बांधावर टेकतं आणि दुसरी निघून जाते. म्हणून कुणी 'माझी गाडी एवढे इंच उंच आहे' असं सांगितलं की आपण विचारायचं, उंच काय आहे? धुरा, पोट, की नुसतं छप्पर?

कुंभाराचं गाढव

न्यायशास्त्रात कारणाची चर्चा करताना एक गमतीदार उदाहरण येतं. मडकं तयार झालं. माती कारण, कुंभार कारण, चाक आणि दंड हेही कारण. मग ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढव? ते तर मडक्याच्या आधी तिथे हजर होतंच. नैयायिक म्हणतात, नाही. गाढव अन्यथासिद्ध. त्याच्यावाचून मडकं होऊ शकतं. माती बैलावरून आली असती तरी मडकं झालंच असतं. आधी हजर असणं वेगळं आणि कारण असणं वेगळं.

आता एखादी उंच केलेली जिप्सी अवघड जागेतून पार झाली. बघणारे म्हणतात, "बघ, लिफ्टचा फायदा." थांबा. त्या गाडीला नवे, खोल नक्षीचे टायर होते. हवा कमी केलेली होती. चालवणारा दहा पावसाळे काढलेला होता. मग लिफ्ट इथे माती आहे की गाढव?

हे ठरवायची कसोटीही आपल्या शास्त्रात आहे, अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना कार्य होतं, आणि ते नसताना होत नाही, हे दोन्ही दिसलं पाहिजे. नुसता अन्वय पाहून पैसे खर्च करू नका. ग्रुपमध्ये मूळ उंचीची, पण चांगल्या टायरची एखादी जिप्सी असेलच. तिला त्याच जागेतून जाऊ द्या. ती गेली, तर लिफ्ट तिथे अन्यथासिद्ध ठरली.

आता आपल्या सह्याद्रीत, कोकणात, देशावर गाडी प्रत्यक्षात अडते कुठे ते पाहू.

पहिली जागा, चाकोरी. ट्रॅक्टरच्या चाकांनी पावसात खोल खणून ठेवलेली. 'चाकोरीबाहेर जा' असं आम्ही विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो, पण खऱ्या चाकोरीतून बाहेर पडणं फार अवघड असतं. आपली चाकं खाली जातात आणि मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियल बसतं. इथे लिफ्टचा उपयोग जवळजवळ नाही. उपयोग टायरचा, आणि चाकोरीच्या कडेवर एक चाक ठेवून चालवण्याच्या सवयीचा.

दुसरी जागा, चिखल. काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायरचा गुळगुळीत गोळा होतो. कोकणातल्या ओल्या तांबड्या मातीवर गाडी आडवी घसरते. इथे प्रश्न पकडीचा आहे. टायरची नक्षी बदला, हवा कमी करा. रस्त्यावर २६-२८ पौंड हवा ठेवत असाल तर चिखलात १८ पर्यंत उतरवून, हळू चालवून पाहा. टायर पसरतो, पकड वाढते. याला खर्च शून्य. परत रस्त्यावर येताना हवा भरायला पंप मात्र जवळ हवा. कमी हवेवर वेगाने चालवलं तर टायर रिममधून निसटू शकतो.

तिसरी जागा, तिरका खड्डा किंवा ओघळ, जिथे एक चाक वर आणि दुसरं चाक लटकत खाली जातं. इथे पाहिजे पाट्यांची लवचीकता. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. आता लक्ष द्या. स्वस्त लिफ्टमध्ये बहुतेक वेळा पाटे जास्त ताठ होतात. ताठ पाट्याचं चाक लवकर हवेत जातं. म्हणजे पैसे देऊन उंच केलेली गाडी, जी जागा आधी पार करत होती तिथेच आता अडते.

चौथी जागा, शेताचा बांध, ओढ्याची उभी कड, दगडी पायरी. इथे पोट टेकतं, बंपर टेकतो. इथे लिफ्ट खरोखर कारण आहे. तुमच्या वाटांवर हीच अडचण वारंवार येत असेल, तर पुढचं ऐका. नसेल, तर तुमचं काम टायरवर भागलं असं समजा.

आधी गेलेली उंची परत आणा

पुढचं ऐकण्याआधी एक मोजमाप करा. जिप्सी सपाट जागी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. चार कोपऱ्यांचे चार आकडे वहीत लिहा.

आज बाजारात मिळणाऱ्या जिप्सी वीस-वीस, तीस-तीस वर्षांच्या आहेत. काही लष्कराच्या लिलावातून आलेल्या, काही डोंगरात सामान वाहून थकलेल्या. त्यांचे पाटे बसलेले असतात. पाटा बसला म्हणजे त्याचा बाक गेला, तो सरळ झाला. उजव्या-डाव्या आकड्यांत बोटभर फरक निघाला तर समजा की एका बाजूचे पाटे दमलेत. चांगल्या पाट्यांच्या एखाद्या जिप्सीचे आकडे शेजारी लिहून पाहा. पुष्कळदा इंच-दीड इंच उंची आपल्या गाडीने वयापायी घालवलेली असते.

ही उंची परत मिळवणं हाच सगळ्यांत स्वस्त लिफ्ट. मूळ मापाचा नवा पाटेसंच, नवे रबरी बुश, नवे यू-बोल्ट, चांगले शॉकअप. गाडी उचलली जाते, तरी एकही कोन बिघडत नाही, कारण ती कारखान्यातून निघाली तशी होते. ही दुरुस्ती आहे, फेरफार नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे, तो पुढे येईलच. आमच्या अंदाजाने, विचारायला येणाऱ्या निम्म्या मंडळींचं काम इथेच संपतं.

उचलण्याचे मार्ग, स्वस्ताकडून महागाकडे

त्यापुढे जायचंच असेल तर मार्ग असे.

पहिला, लांब शॅकल. पाट्याचं एक टोक चासीला पिनने पक्कं असतं, दुसरं शॅकलवर झुलतं. शॅकल लांब केली की पाट्याचं ते टोक खाली जातं. पण धुरा पाट्याच्या मध्याजवळ आहे, म्हणून शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उठते. शिवाय पाट्याचं एकच टोक खाली गेल्यामुळे धुरा स्वतःभोवती थोडा फिरतो. पुढच्या धुऱ्याला हे सोसत नाही. का, ते स्टिअरिंगच्या वेळी सांगतो. पातळ पट्टीच्या, मधे आडवा आधार नसलेल्या लांब शॅकल्स गाडीला आडव्या डोलवतात, म्हणून त्या नकोच.

दुसरा, पाटे ठोकून बाक वाढवणं किंवा एक पाटा जास्त घालणं. महामार्गावरच्या ट्रकच्या पाटेवाल्याकडे हे काम होतं. स्वस्त आहे. पण थंड ठोकून दिलेला बाक टिकत नाही, पाटे काही काळाने पुन्हा बसतात, आणि चारही बाजूंनी सारखे बसतील याची हमी नसते. जास्तीचा पाटा घातला तर गाडी ताठ होते. तुम्ही कायम मागे वजन नेत असाल, पाण्याचे कॅन, हत्यारं, तंबू, तर एक पाटा योग्यच. रिकामी गाडी फिरवत असाल तर तुम्ही ताठपणा विकत घेतलात.

तिसरा, दीड-दोन इंच जास्त बाकाचे नवे पाटे आणि त्यांच्या मापाचे शॉकअप, असा जुळलेला संच. पहिल्या दोघांपेक्षा महाग. पण उचलायचंच असेल तर आम्ही हाच सुचवू. घेताना एवढंच विचारा की पाटे किती आणि किती जाड, शॉकअप पूर्ण मिटला तर किती लांब आणि पूर्ण उघडला तर किती लांब. विकणाऱ्याला हे आकडे सांगता येत नसतील तर तो संच जुळवलेला नाही, नुसता एका खोक्यात भरलेला आहे.

चौथा, पाटे धुऱ्याच्या वर आणणं. जिप्सीत मूळचे पाटे धुऱ्याच्या खालून जातात. ते वरून नेले तर गाडी एकदम साधारण पाच इंच उठते. पाटे तेच, म्हणून लवचीकताही तीच राहते, आणि सामानाचा खर्च कमी दिसतो. इथेच तरुण मंडळी भुलतात. धुऱ्यावर नव्या बैठका वेल्ड करायच्या, स्टिअरिंगचे दांडे बदलायचे, ब्रेकचे पाइप बदलायचे, प्रोपेलर शाफ्टचे कोन सावरायचे. हे स्पर्धेच्या गाडीचं काम आहे, आणि ते करणारा वेल्डर तुमच्या आयुष्याचा जामीन राहतो. कमी बजेटमध्ये हे बसत नाही. बसवलंच, तर नेमकं जे दिसत नाही तिथे काटकसर होते.

आणि पाचवा, धुरा आणि पाटा यांमध्ये लोखंडी ठोकळा ठेवणं. दुसऱ्या काही गाड्यांच्या मागच्या धुऱ्यावर हे चालतं, कारण त्यांचे पाटे धुऱ्याच्या वर असतात. जिप्सीत पाटे खाली आहेत. तिथे ठोकळा घातला तर गाडी उठायच्या ऐवजी बसेल! 'ठोकळे टाकून देतो' असं जिप्सीवाल्याला सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याने गाडीखाली पाहिलेलं नाही, एवढं समजा. आणि पुढच्या धुऱ्याला ठोकळा कुठल्याच गाडीत नको.

एक हलवलं की पाच हलतात

किटची किंमत आणि लिफ्टची किंमत यांत अंतर का पडतं, ते आता पाहू. गाडीचे भाग साखळीसारखे आहेत. एक कडी ओढली की पुढच्या ओढल्या जातात.

शॉकअप. गाडी दोन इंच उचलून जुनेच शॉकअप ठेवले, तर उभ्या गाडीतच ते दोन इंच उघडलेले असतात. चाक खाली लटकायला जी जागा होती तीतले दोन इंच गेले. मग प्रत्येक खड्ड्यात शॉकअप ताणून थांबतो आणि त्याची बैठक उपटायला लागते. लांब शॉकअप घातले तर उलटी काळजी. चाक पूर्ण वर आल्यावर ते तळाला आपटायला नकोत. म्हणून रबरी बंप स्टॉपही खाली आणावे लागतात.

ब्रेकचा रबरी पाइप. लटकलेल्या चाकाला हा पुरला नाही तर ताणतो, आणि एखाद्या दिवशी तुटतो. तो तुटतो तेव्हा गाडी सपाटीवर क्वचितच असते.

प्रोपेलर शाफ्ट. जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून सुटा आहे. त्यापासून पुढे एक आणि मागे एक शाफ्ट जातो. गाडी उचलली की दोन्हींचा तिरकेपणा वाढतो, क्रॉस जॉइंट झिजतात, वेगात थरथर येते, आणि शाफ्टचा सरकता सांधा कमी अडकलेला राहतो.

स्टिअरिंग. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून सायकल हात सोडूनही सरळ जाते. गाडीत त्या तिरकेपणाला कॅस्टर म्हणतात. जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की धुरा पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, वेगात गाडी भरकटते, आणि बेअरिंग-बुश झिजलेले असतील तर पुढची चाकं थडथडायला लागतात. त्यातच स्टिअरिंगचा दांडा तिरपा झाल्याने खड्ड्यात चाक वर-खाली झालं की गाडी आपणहून बाजूला ओढते.

आणि शेवटचं, गुरुत्वमध्य. सोयीसाठी धरा की दोन चाकांमधलं आडवं अंतर १,३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटरवर. कागदावर ही गाडी ४५ अंशांच्या कलापर्यंत उलटत नाही. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला की तो कोन ४३, शंभर वर गेला की ४१. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर मुडपतो, म्हणून खरा आकडा याहून बराच कमी असतो. चार अंश थोडे वाटतील. पण छपरावर कॅरियर, त्यावर दोन चाकं, मागच्या आडव्या बाकांवर चार पोरं, आणि घाटातल्या वळणावर अचानक आलेली म्हैस. हे सगळं एकत्र येतं तेव्हा हिशेब अंशांतच होतो. चिखलातल्या वाटेवर तासाला पाच किलोमीटरने आपण फार जपून असतो. उंच केलेली गाडी उलटण्याचा धोका मोठा असतो तो परतीच्या डांबरी रस्त्यावर, साठच्या वेगात. आणि तिथे समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याने आपल्या लिफ्टला संमती दिलेली नसते. हेडलाइटचा झोतही वर गेलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांत जातो. तो खाली करून घेणं, एवढं तरी आपलं त्याच्याप्रती देणं आहे.

आमच्याकडे जिप्सी नाही, जिम्नी किंवा थार आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. जिम्नीत अखंड धुरे आहेत, पण पाट्यांऐवजी कॉइल. स्प्रिंगवर ठेवायच्या स्वस्त चकत्यांनी गाडी उठते, पण धुरा धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्यामुळे तो थोडा एका बाजूला सरकतो आणि पुढचा कॅस्टर इथेही घटतो. २०२० नंतरच्या थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे उचललं की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे आणि त्यांचे रबरी बूट यांवर ताण येतो. शिवाय या थारचा ग्राउंड क्लिअरन्स मुळातच २२६ मिलिमीटर आहे, तेव्हा व्यतिरेकाची कसोटी लावल्याशिवाय तिला हात लावू नका.

कायदा

हा भाग नावडता आहे, पण टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे अधिक स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा गाडीखाली पाहणार. म्हणून रोज रस्त्यावर चालणारी गाडी करायची की खाजगी जागेतल्या स्पर्धेपुरती, हे आधी ठरवा, आणि काहीही करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारा. मूळ उंची परत मिळवण्याचा मार्ग आम्ही एवढा आग्रहाने का सांगितला, हे आता कळलं असेल.

पैसे कोणत्या क्रमाने?

बजेट कमी असणं ही लाजेची गोष्ट नाही. कमी पैशांत क्रम मात्र चुकवता येत नाही. आमचा क्रम असा. आधी ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, चाकाचे बेअरिंग. मग चांगले टायर, हवेचा पंप आणि पुढे-मागे ओढायला भक्कम हूक. त्यानंतर मूळ मापाचे पाटे, बुश, शॉकअप. एवढं करून एक पावसाळा काढा. कुठे अडलो, काय टेकलं, हे वहीत लिहा. दिवाळीनंतर वही उघडा. 'पोट टेकलं', 'बंपर टेकला' अशा नोंदी खरोखर जास्त असतील, आणि कायद्याची बाजू सांभाळता येत असेल, तर दीड-दोन इंचांचा जुळलेला संच घ्या. त्या वेळी किटच्या किमतीत शॉकअप, ब्रेक पाइप, बंप स्टॉप, अलाइनमेंट आणि मजुरी मिळवून मगच आकडा बोला. तो आकडा खिशात नसेल तर किटही खिशात नाही असं समजा.

काम झाल्यावर मिस्त्रींना एक विनंती करा. "मिस्त्री, एक चाक घोडीवर चढवून गाडी तिरकी करून बघू या का?" चांगला मिस्त्री आनंदाने करील. एक चाक पूर्ण वर, दुसरं पूर्ण खाली, अशा स्थितीत ब्रेकचा पाइप ताणलाय का, शॉकअपला जागा उरलीय का, टायर मडगार्डला घासतोय का, शाफ्टचा सांधा अडतोय का, हे टॉर्च लावून पाहा. पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळवूनही पाहा. पाट्यांच्या पिना गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटच्या आवळायच्या, म्हणजे बुश पिळले जात नाहीत. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. टायर मोठा केला असेल तर स्पीडोमीटरही कमी दाखवेल. वरच्या उदाहरणातल्या टायरवर काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६३ असतो.

तेव्हा मंडळी, 'कुठला किट घेऊ?' या प्रश्नाला आमचं उत्तर एक प्रश्न आहे. तुमची गाडी नेमकी कुठे अडली आणि तिथे काय टेकलं? हे सांगता आलं की किट कुठला, हे दुकानदारही बरोबर सांगेल. सांगता येत नसेल, तर तुम्हांला कसली गरज आहे हे अजून तुम्हांलाच ठरवायचंय, आणि ते ठरेपर्यंत पैसे बँकेत सुखरूप आहेत.

प्रश्न असतील तर आता घेऊ. ज्यांनी आपल्या गाडीचे चार कोपऱ्यांचे आकडे मोजून आणले असतील, त्यांचे आधी.